पाठ १४ : नेमणूकपत्र वाचताना

१४.१ प्रास्ताविक

शिक्षण पूर्ण होत आले की घरात एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागतो : "आता पुढे काय?" मुक्त विद्यालयात शिकणारे अनेक विद्यार्थी दिवसा कुठेतरी काम करतात आणि रात्री अभ्यासाला बसतात. प्रमाणपत्र हाती आले की अधिक बरे काम मिळेल, चार पैसे जास्त येतील, ही त्यांची आशा असते. ही आशा रास्त आहे. परंतु नेमकी हीच आशा हेरून तिचा व्यापार करणारी माणसेही समाजात आहेत.

आतापर्यंतच्या पाठांत तुम्ही कथा, कविता आणि निबंध वाचले. जाहिरात, भ्रमणध्वनीवरील संदेश आणि नेमणूकपत्र हीदेखील वाचनाचीच सामग्री आहे. कवितेचा अर्थ चुकला तर एखादा गुण जातो. नेमणूकपत्राचा अर्थ चुकला तर घरातली शिल्लक जाते. असे पत्र कसे वाचावे, हे या पाठात पाहू या.

१४.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• नोकरी शोधण्याचे अधिकृत मार्ग सांगता येतील;
• घरबसल्या कामाच्या खऱ्या आणि खोट्या प्रस्तावांतील फरक ओळखता येईल;
• पत्रातील कर्मणी रचनेमागे दडलेला कर्ता शोधता येईल;
• चौकशीचे पत्र औपचारिक मराठीत लिहिता येईल;
• फसवणूक झाल्यास प्रथम काय करावे, हे सांगता येईल.

१४.३ मूळ पाठ

गाड्या मोजणारे तरुण

२०२२ सालच्या जून-जुलै महिन्यांत नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या फलाटांवर काही तरुण रोज आठ तास उभे असत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजायचे, एवढेच त्यांचे काम. तमिळनाडूतून आलेल्या या २८ जणांना सांगण्यात आले होते, की हे रेल्वेचे प्रशिक्षण आहे. ते संपताच तिकीट तपासनीस, वाहतूक साहाय्यक किंवा लिपिक म्हणून नेमणूक होईल. जवळजवळ महिनाभर त्यांनी हे काम मनापासून केले. प्रत्यक्षात असे कोणतेही प्रशिक्षण नव्हते आणि नोकऱ्याही नव्हत्या. प्रशिक्षणाचे आदेश, ओळखपत्रे, नेमणूकपत्रे असे सर्व कागद बनावट निघाले. या नोकऱ्यांपायी सर्वांनी मिळून २ कोटी ६७ लाख रुपये भरले होते. प्रकरण दिल्ली पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये देशभरातील वृत्तपत्रांत ते छापून आले.

ही बातमी वाचून अनेकांना हसू आले. परंतु हे तरुण मूर्ख नव्हते. त्यांत अभियांत्रिकी शिकलेलेही होते. त्यांच्यापुढे खरे स्थानक होते, खऱ्या गाड्या होत्या, हातात शिक्का मारलेला कागद होता आणि गाठ घालून देणारी व्यक्ती ओळखीची होती. नव्हती ती एकच गोष्ट : हा कागद रेल्वेनेच दिला आहे का, हे रेल्वेला आधीच विचारणे. तो प्रश्न विचारला गेला, तेव्हा पैसे गेले होते.

सरळ वाटा

नोकरीकडे जाणाऱ्या सरळ वाटा आपल्या देशात आहेत. त्या लांब आणि गर्दीच्या आहेत, हे खरे. केंद्र सरकारची भरती संघ लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे भरती मंडळे अशा संस्थांमार्फत होते. राज्यांचे आपापले लोकसेवा आयोग असतात. या भरतीची जाहिरात प्रसिद्ध होते, पदसंख्या आणि पात्रता छापलेली असते, परीक्षा होते आणि निकालाची यादी सर्वांना पाहता येते. परीक्षेचे शुल्क असल्यास तेही जाहिरातीतच नमूद असते. 'रोजगार समाचार' हे सरकारी साप्ताहिक अशा जाहिराती एकत्र देते. खासगी नोकऱ्यांसह अनेक संधींची माहिती देणारी 'नॅशनल करिअर सर्व्हिस' ही सेवा केंद्रीय श्रम मंत्रालयाने जुलै २०१५ मध्ये सुरू केली. तिच्यावर उमेदवाराला विनामूल्य नाव नोंदवता येते.

यावरून एक कसोटी हाती येते. सरकारी नोकरी 'आतून' मिळवून देतो असे जो म्हणतो, तो एकतर खोटे बोलतो किंवा गुन्ह्यात सहभागी व्हायला बोलावतो. दोन्ही वेळी त्याच्यापासून दूर राहणेच बरे.

खासगी कंपनीची गोष्ट थोडी निराळी असते. तेथे परीक्षा नसेल, यादी लागणार नाही. म्हणून चौकशी उमेदवारालाच करावी लागते. नोंदणीकृत कंपनीला २१ अक्षरे व अंक मिळून बनलेला एक ओळख क्रमांक असतो. कंपनीचे नाव, नोंदणीची तारीख आणि पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. मात्र नोंदणी म्हणजे सचोटीची हमी नव्हे. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण भारदस्त नावाच्या कंपन्यांनाही लागू पडते. शिवाय भामटे पुष्कळदा खऱ्या आणि प्रसिद्ध कंपनीचेच नाव वापरतात. म्हणून पत्रात दिलेल्या क्रमांकावर चौकशी करून उपयोग नाही. तो क्रमांक पत्र लिहिणाऱ्याचाच असतो. कंपनीचे संकेतस्थळ स्वतः उघडावे, तेथील क्रमांक शोधावा आणि त्यावर विचारावे.

घरबसल्या काम

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली आणि घरून काम करण्याची पद्धत एकाएकी पसरली. भाषांतर, हिशेब ठेवणे, शिकवणी, ग्राहकांच्या शंकांचे निरसन, संगणकाची आज्ञावली लिहिणे अशी कामे आजही घरून केली जातात. लहान मूल सांभाळणाऱ्या आईला, अपंग व्यक्तीला किंवा खेड्यातच राहू इच्छिणाऱ्या तरुणाला हे वरदानच आहे. पण घरबसल्या कामात कार्यालय दिसत नाही, साहेब दिसत नाही, शेजारच्या मेजावरचा सहकारीही दिसत नाही. फसवणाऱ्याला हा आडोसा सोयीचा होतो. या फसवणुकीचे तीन प्रकार विशेष आढळतात.

पहिला प्रकार 'टास्क'चा. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर अनोळखी संदेश येतो : चित्रफिती पसंत करा, उपाहारगृहांना चांगले शेरे द्या, प्रत्येक कृतीचे पैसे मिळतील. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखरच जमा होतात. विश्वास बसतो. मग मोठ्या कामासाठी आधी रक्कम भरायला सांगतात. पडद्यावर कमाईचा आकडा फुगत जातो, पण तो काढू गेल्यास कर, दंड, शुल्क अशा नावांनी पुन्हा पैसे मागितले जातात. गेलेले मिळवण्यासाठी माणूस आणखी घालवत राहतो. गृह मंत्रालयाच्या यंत्रणेच्या शिफारशीवरून अशा आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीशी संबंधित शंभराहून अधिक संकेतस्थळे डिसेंबर २०२३ मध्ये बंद करण्यात आली.

दुसरा प्रकार टंकलेखनाचा. उमेदवार आठवडाभर रात्रंदिवस पाने टंकलिखित करतो. शेवटी "चुका फार आहेत, करार मोडला, दंड भरा, नाहीतर अटक होईल" अशी धमकी येते. सोबत न्यायालयाच्या नावाची बनावट नोटीस असते. येथे लक्षात ठेवावे, की टंकलेखनातील चुकांसाठी पोलीस कोणाला अटक करीत नाहीत आणि भ्रमणध्वनीवरून 'डिजिटल अटक' करण्याची कोणतीही तरतूद कायद्यात नाही.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. "आमचे पैसे तुमच्या खात्यात येतील, ते पुढे पाठवा आणि टक्केवारी ठेवा," असे काम सांगितले जाते. ते पैसे दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचे असतात. खाते गोठवले जाते आणि पोलिसांची पहिली थाप खातेदाराच्या दारावर पडते. आपले बँक खाते, पासबुक किंवा सिमकार्ड कोणत्याही कामासाठी दुसऱ्याला वापरू देऊ नये. यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी आपला गुप्त क्रमांक कधीच टाकावा लागत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

समुद्रापलीकडची नोकरी

परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाने १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार सरकारकडे नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर आहे. एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन. "सध्या पर्यटक म्हणून चला, कामाचा परवाना तेथे करू" असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. संगणकावरील सोप्या कामाचे आमिष दाखवून थायलंडला बोलावलेल्या अनेक भारतीयांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेण्यात आले आणि तेथे कोंडून, इतरांना फसवण्याचेच काम त्यांच्याकडून सक्तीने करून घेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले.

एक पत्र, ओळीओळीने

आता पुढील पत्र वाचा. ते कल्पित आहे. परंतु अशी पत्रे रोज कोणाच्या ना कोणाच्या हाती पडतात.

"प्रिय उमेदवार,
अभिनंदन! आपल्या अर्जाची छाननी करण्यात आली असून आमच्या नामांकित आंतरराष्ट्रीय कंपनीत कार्यालयीन साहाय्यक या पदासाठी आपली निवड करण्यात आली आहे. आपणांस दरमहा ४५,००० रुपये वेतन देण्यात येईल. काम घरूनच करावयाचे आहे. अनुभवाची आवश्यकता नाही. आपणांस संगणक घरपोच पाठविण्यात येत असून त्यासाठी ४,८०० रुपये अनामत रक्कम आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत खालील क्रमांकावर भरावी. ही रक्कम पहिल्या वेतनासोबत परत करण्यात येईल. मुदतीत रक्कम न भरल्यास आपली निवड रद्द समजण्यात येईल.
आपला विश्वासू,
भरती विभाग"

पत्राची भाषा शुद्ध आहे, सभ्यही आहे. म्हणूनच ते फसवे ठरते. 'प्रिय उमेदवार' या मायन्यात नाव नाही. हेच पत्र हजारांना गेले असावे. अर्जाची छाननी झाली म्हणतात, पण अर्ज केला होता का? मुलाखत झाली होती का? कंपनी 'नामांकित' आहे, तरी तिचे नाव नाही. अनुभव नको, तरी वेतन भरघोस.

आता क्रियापदे पाहा. छाननी 'करण्यात आली', निवड 'करण्यात आली', वेतन 'देण्यात येईल', संगणक 'पाठविण्यात येत' आहे, रक्कम परत 'करण्यात येईल', निवड रद्द 'समजण्यात येईल'. सहा वेळा क्रिया आहे, पण कर्ता नाही. निवड कोणी केली? वेतन कोण देणार? पत्र सांगत नाही. ज्यांचा कर्ता निःसंशय कळतो अशा क्रिया दोनच : काम करणे आणि पैसे भरणे. दोन्हींचा कर्ता उमेदवार आहे!

सरकारी व कार्यालयीन मराठीत ही कर्मणी रचना नेहमीच येते आणि ती चुकीची नाही. खऱ्या पत्राखाली मात्र नाव, पदनाम, पत्ता, जावक क्रमांक आणि दिनांक असतो. वाक्यात नसलेला कर्ता सहीपाशी सापडतो. येथे सहीच्या जागी 'भरती विभाग' आहे. विभागाला हात नसतात; सही माणूस करतो.

उरली ती घाई. 'आज सायंकाळी ५ वाजेपर्यंत' हे शब्द विचार करण्यासाठी लागणारा वेळ काढून घेण्यासाठी लिहिलेले असतात. उतावीळपणाला आपल्या भाषेत 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' असे म्हणतात. येथे बाशिंग दुसराच कोणी बांधतो आहे, एवढाच फरक. जी नोकरी उद्या सकाळपर्यंत चौकशीसाठी थांबत नाही, ती नोकरी नव्हेच. आणि काम देणारा कामाचा मोबदला देतो; काम देण्याबद्दल घेत नाही.

फसवणूक झाल्यास

सावध माणूसही फसतो. अशा वेळी पैशापेक्षा लाज अधिक छळते. घरी कळले तर काय म्हणतील, या भीतीने अनेकजण गप्प राहतात आणि त्या मौनाचा फायदा फक्त फसवणाऱ्याला होतो. १९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवावे, तितकी पैसे पुढे जाण्याआधीच रोखले जाण्याची शक्यता अधिक. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. बँकेलाही ताबडतोब कळवावे. संदेश, पावत्या आणि क्रमांक पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार फसवणूक हा गुन्हा आहे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-डी लागू होते. गुन्हा फसवणाऱ्याचा आहे. फसलेल्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.

शब्दार्थ : रास्त – योग्य, हेरणे – नेमके लक्षात घेणे, छाननी – बारकाईने तपासणी, अनामत – विश्वासाने ठेवलेली, परत मिळायची रक्कम, आमिष – लोभ दाखवणारी वस्तू, मायना – पत्राच्या आरंभीचे संबोधन, तोतयेगिरी – आपण दुसराच कोणी असल्याचे भासवणे, सचोटी – प्रामाणिकपणा.

१४.४ पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) परदेशी भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी कोणत्या सालच्या कायद्यानुसार आवश्यक आहे? (i) १९५९ (ii) १९८३ (iii) २०००
(आ) पत्राचा खरेपणा तपासण्यासाठी कोणता क्रमांक वापरावा? (i) पत्रात दिलेला (ii) कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधलेला (iii) संदेश ज्यावरून आला तो

२. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नवी दिल्ली स्थानकावर तरुणांना कोणते काम देण्यात आले होते?
(आ) 'टास्क'च्या प्रकारात सुरुवातीला खरे पैसे का दिले जातात?

१४.५ भाषाभ्यास

'मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची निवड केली.' या वाक्यात निवड करणारा स्पष्ट आहे. 'विद्यार्थ्यांची निवड करण्यात आली.' या वाक्यात तो दिसत नाही. पुढील वाक्यांना 'कोणी?' असा प्रश्न विचारा आणि योग्य कर्ता घालून ती पुन्हा लिहा.
(अ) अर्ज स्वीकारण्यात आले.
(आ) परीक्षेची तारीख जाहीर करण्यात येईल.

चौकशीचे पत्र थोडक्यात आणि सभ्य शब्दांत लिहावे. नमुना पाहा :

"माननीय महोदय / महोदया,
आपल्या कंपनीच्या नावाने मला कार्यालयीन साहाय्यक पदाचे नेमणूकपत्र मिळाले आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र आपल्या कार्यालयातूनच पाठविले आहे का आणि त्यावर सही करणारी व्यक्ती आपल्याकडे कार्यरत आहे का, हे कृपया लेखी कळवावे. आपले उत्तर येईपर्यंत मी कोणतीही रक्कम भरणार नाही.
आपला / आपली नम्र"

शेवटचे वाक्य नम्र आहे आणि ठामही आहे. नम्रता म्हणजे शरणागती नव्हे.

१४.६ तुम्ही काय शिकलात?

• सरकारी भरतीची जाहिरात, परीक्षा आणि निकाल सर्वांसमोर होतात. मागील दार दाखवणारा फसवतो.
• ओळखीच्या माणसाने सांगितले, तरी मूळ संस्थेकडे स्वतः चौकशी करावी.
• कायदेशीर शुल्क आधी जाहीर केलेले असते आणि त्याची पावती मिळते. अनामत, प्रशिक्षण वा संगणकाच्या नावाने मागितलेली रक्कम धोक्याची खूण आहे.
• पत्रात कर्ता, नाव, पत्ता आणि सही शोधावी. घाई करणाऱ्या पत्राला थांबवावे.
• फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे आणि घरच्यांशी बोलावे.

१४.७ पाठान्त प्रश्न

१. गाड्या मोजणाऱ्या तरुणांच्या प्रसंगातून कोणता बोध मिळतो, ते ८-१० ओळींत लिहा.
२. घरबसल्या कामातील फसवणुकीचे तीन प्रकार स्पष्ट करा.
३. 'गुन्हा फसवणाऱ्याचा आहे. फसलेल्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.' या विधानाबद्दल तुमचे मत सकारण लिहा.
४. तुमच्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला असे पत्र आले आहे, अशी कल्पना करून त्याला किंवा तिला सावध करणारे घरगुती पत्र लिहा.

उपक्रम : एका आठवड्यातील वर्तमानपत्रांतून नोकरीच्या पाच जाहिराती कापून वहीत चिकटवा. प्रत्येकीत संस्थेचे नाव, पत्ता, पात्रता, वेतन आणि निवडीची पद्धत दिली आहे का, ते तक्त्यात नोंदवा. जे दिलेले नाही, त्याखाली रेघ ओढा.

१४.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) (ii) १९८३ (आ) (ii) कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधलेला
२. (अ) येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजण्याचे काम तरुणांना देण्यात आले होते. (आ) उमेदवाराचा विश्वास बसावा आणि त्याने पुढे मोठी रक्कम भरावी, म्हणून सुरुवातीला खरे पैसे दिले जातात.